एका तबकडीचे दोन आवाज : महाड-पोलादपूर आणि ‘शिवकल्याण राजा’

गेल्या काही वर्षांत ध्वनिमुद्रिकांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात जी तबकडी रद्दीच्या भावात जात होती, तिच्याकडे आता जाणकार नजरेने पाहिले जाते. खोलीच्या कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर मांडला जातो आणि पाहुण्यांना ऐकवताना एक वाक्य हमखास येते : सीडीत तो गोडवा नाही, मोबाइलवर तर गाण्याचा चोथा होतो, खरा आवाज तबकडीचाच. या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि बराच भाबडेपणा आहे. तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे हवेत बोलून ठरत नाही. एखादी विशिष्ट ध्वनिमुद्रिका, ती ज्या यंत्रावर वाजली ते यंत्र आणि ती जिथे ऐकली गेली तो मुलूख, ही तिन्ही एकत्र ठेवून पाहावी लागतात.

या लेखासाठी निवडलेली ध्वनिमुद्रिका आहे १९७४ साली हिज मास्टर्स व्हॉइसने काढलेली ‘शिवकल्याण राजा’. अनेक मराठी घरांच्या आवडत्या अल्बमांच्या यादीत ती आजही आहे. आणि मुलूख आहे महाड-पोलादपूरचा. म्हणजे किनाऱ्यापासून आत सरकलेला, सह्याद्रीच्या कुशीतला, सावित्री नदीच्या खोऱ्यातला रायगड जिल्हा.

तबकडी आणि तिची भूमी

शिवराज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी, रायगडावर. रायगड महाड तालुक्यात आहे. त्या घटनेला तीनशे वर्षे झाली तेव्हा ‘शिवकल्याण राजा’ निघाली. गायन लता मंगेशकरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि गाण्यांना जोडणारे निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. त्या वेळी या जिल्ह्याचे नावही रायगड नव्हते; तो कुलाबा जिल्हा होता. नामांतर १९८१ साली झाले. म्हणजे जिल्ह्याच्या पाटीवर रायगड येण्याआधी सात वर्षे रायगड तबकडीवर आला.

अल्बममधल्या कवींची नावे पाहिली तर या भूमीशी असलेले नाते आणखी स्पष्ट होते. समर्थ रामदासांच्या रचना त्यात आहेत, आणि रामदासांनी ‘दासबोध’ जिथे सांगितला असे परंपरा मानते ती शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. व्रज भाषेत शिवरायांची कवने रचणारा भूषण त्यात आहे. गोविंदाग्रजांची जिजाऊंच्या तोंडची अंगाई आहे, सावरकरांची शिवस्तुती आहे, कुसुमाग्रजांच्या प्रतापराव गुजर आणि बाजीप्रभू यांच्यावरच्या कविता आहेत. सतराव्या शतकातले कवी आणि विसाव्या शतकातले कवी, असा हा मेळ आहे. तिकडे पोलादपुरात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि त्याच तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. शिवकाव्याची एवढी दाट वस्ती महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

या अल्बमचा घाट मात्र पोवाड्याचा नाही, हे आधीच नोंदवले पाहिजे. तो निवडलेल्या कवितांचा घाट आहे. पोवाड्यात शाहीर कडवे गातो, मध्येच गद्यात कथा पुढे नेतो, झीलकरी त्याला उचलून धरतात. इथे गाणे एकाकडे आणि गद्य दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली आहे. पुरंदऱ्यांचे निवेदन हे त्या जुन्या शाहिरी गद्याचेच नवे रूप आहे, फक्त डफाच्या जागी वाद्यवृंद आला आहे. ही वाटणी एलपीमुळेच शक्य झाली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्या जागेत पोवाड्याचे तुकडे करावे लागत. रंग भरतो न भरतो तोच बाजू उलटायची वेळ येई. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली. कथा, गाणे, पुन्हा कथा, पुन्हा गाणे असा सलग प्रवाह त्यामुळे बांधता आला. ‘शिवकल्याण राजा’ ही सुट्या गाण्यांची बेरीज न वाटता एक प्रयोग वाटते, त्याचे निम्मे श्रेय माध्यमाच्या लांबीला आहे.

खाचेचे गणित

आता आवाजाच्या दर्जाकडे वळू. त्यासाठी तबकडी म्हणजे काय हे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

जुनी ७८ची तबकडी लाखेची असे. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून ती घडवत. सुईच्या वजनापुढे टिकण्यासाठी ही पूड लागे आणि तिच्यामुळेच तो सततचा ‘खस्स’ आवाज येई. एलपी विनाइलची असते. ती मऊ, गुळगुळीत असल्यामुळे मागची खरखर एकदम कमी झाली आणि खाच बारीक करता आली. बावीस मिनिटांच्या एका बाजूवर ही सर्पिल खाच सरळ उलगडली, तर तिची लांबी पावणेपाचशे मीटरच्या आसपास भरते. जवळजवळ अर्धा किलोमीटर वाट सुईला चालायची असते.

या वाटेत एक अडचण आहे आणि ती तबकडीच्या भक्तांना फारशी आवडत नाही. तबकडी एकाच गतीने फिरते, पण कडेचे वर्तुळ मोठे आणि मधले लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलाजवळ पोचेपर्यंत हे अंतर २१ सेंटिमीटरवर येते. दहा हजार हर्ट्झचा एखादा तीक्ष्ण ध्वनी घेतला, तर त्याची एक लाट कडेला पाच शतांश मिलिमीटर जागा व्यापते. आत तिला दोन शतांश मिलिमीटरच मिळते. साध्या गोल टोकाच्या सुईच्या अग्राची त्रिज्या जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे आतल्या वळणांवर लाट लहान आणि तिच्यात शिरणारी सुई जाड, अशी गत होते. परिणाम कानाला कळतो : बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात.

मराठीत हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. आपल्याकडे श, ष, स हे ऊष्म वर्ण तर आहेतच. शिवाय चांदणे, जात, झरा यांतले दंततालव्य च, ज, झ आहेत. त्यांतही तीच वरच्या पट्टीतली धार असते. ‘शिवकल्याण राजा’तली रामदासांची आणि सावरकरांची शब्दकळा संस्कृताच्या वळणाची आहे, ‘श’ आणि ‘ष’ तिच्यात पदोपदी येतात. लताबाईंचे उच्चार इतके नेमके की एकही वर्ण अर्धवट सुटत नाही. गायिकेचा हा गुण तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञाची मात्र परीक्षा घेतो. चांगल्या सुईवर हे वर्ण धारदार आणि स्वच्छ येतात; झिजलेल्या सुईवर तेच वर्ण काचेवर वाळू घासल्यासारखे वाजतात. दोष गायिकेचा नाही, मूळ ध्वनिमुद्रणाचाही नाही. तो शेवटच्या अर्ध्या इंचात सुई आणि खाच यांच्यात घडलेला असतो.

खर्जाचीही गंमत आहे. मोठा खर्ज खाचेला खूप हेलकावे देतो, जागा खातो. म्हणून तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात, वरचे उचलतात आणि वाजवताना अॅम्प्लिफायर नेमके उलट करून तोल परत आणतो. ही पद्धत १९५०च्या दशकात सर्वत्र ठरीव झाली. शिवाय १९५८पासून आलेल्या स्टिरिओ तबकडीत खाचेच्या दोन भिंती दोन वाहिन्या वाहतात. खालच्या स्वरांत या दोन भिंतींत फार तफावत पडली तर सुई उडते, म्हणून खर्ज बहुधा दोन्हीकडे सारखाच ठेवतात. तबकडीवर ऐकू येणारा नगारा हा असा आधीच तडजोड केलेला नगारा असतो.

मग तबकडीचा आवाज उबदार का वाटतो? कारण तडजोड करणारे हात जाणते होते. तबकडीत फार जोर भरता येत नाही, त्यामुळे हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर बऱ्याच अंशी राखावे लागते. सीडीची क्षमता कागदावर कितीतरी जास्त : सोळा बिटांच्या सीडीत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, चांगल्या एलपीत साठ-सत्तर. पण जुन्या गाण्यांच्या पुढच्या आवृत्त्या काढताना अनेकदा सगळाच आवाज वर खेचला गेला, अंगाई आणि रणगीत एकाच उंचीवर आणून बसवले गेले. कानाला टोचते ते हे सपाटीकरण. आकड्यांत रूपांतर झाल्यामुळे गाणे बिघडत नाही. आणि आज नव्याने निघणाऱ्या कित्येक जुन्या गाण्यांच्या तबकड्या डिजिटल प्रतीवरूनच कापलेल्या असतात. तेव्हा विनाइल आहे म्हणजे मूळ आवाज आहे, हे गृहीत धरू नये.

अंगाई आणि रणगीत

या गणिताच्या उजेडात ‘शिवकल्याण राजा’ ऐकावी. तबकडीचा कस पाहायचा तर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या गाण्यावर पाहू नये. वृंदगान, ढोल, घोषणा यांच्या आड खरखर लपते. कस लागतो तो गोविंदाग्रजांच्या अंगाईवर. बाळाला निजवणारा आवाज हलका, ओळींमधल्या जागा मोकळ्या. प्रत जपलेली असेल तर त्या मोकळ्या जागांत गाण्याचा श्वास ऐकू येतो. प्रत खराब असेल तर तिथे तुरीच्या शेंगा तडकाव्यात तसे आवाज येतात. अंगाईत शांतता हाच अर्थ असतो, त्यामुळे तिथली टिकटिक हा अर्थाचाच बिघाड ठरतो.

कुसुमाग्रजांच्या दोन कवितांचे तसे नाही. त्या धावत्या आहेत. तिथे तालाची धडक, वृंदाचा उठाव आणि त्यावर टिकून राहिलेली एकट्या स्त्रीस्वराची रेघ, असा तोल आहे. युद्धाच्या कविता स्त्रीच्या आवाजात देण्याचा निर्णय धाडसाचा होता. पुरुषी गर्जनेची अपेक्षा असलेल्या जागी धारदार, स्थिर स्वर आला आणि त्यामुळे शौर्याला शोकाची किनार लागली. सात स्वार परत येणार नाहीत हे ऐकणाऱ्याला शब्दांआधी स्वर सांगतो. हृदयनाथांच्या चाली सरळ नाहीत. त्या अनपेक्षित स्वरावर उतरतात, शब्द ओढून धरतात. इथे चांगल्या तबकडीचा खरा उपयोग होतो, कारण स्वर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना मधला बारीक प्रवास ऐकू येतो. हा प्रवास चालीचा अर्थ आहे, नुसता दागिना नव्हे.

पुरंदऱ्यांच्या निवेदनाबद्दल मते वेगळी असू शकतात. इतिहास म्हणून त्याची चिकित्सा झाली आहे, पुढेही व्हावी. आवाज म्हणून पाहिले तर ते अल्बमचा पाया आहे. बोलणारा माणूस मायक्रोफोनच्या जवळ आहे, खोलीचा घुमारा बेताचा आहे, आणि त्यापाठोपाठ येणारे गाणे मोठ्या अवकाशात उघडते. ओसरीवरून एकदम गडाच्या माचीवर यावे, तसा हा बदल आहे.

कर्ण्यातून ऐकलेली तबकडी

इथवर जे लिहिले ते बैठकीच्या खोलीतल्या, दोन स्पीकरच्या ऐकण्याबद्दल. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर ही तबकडी अशी ऐकली गेली नाही. तिथे ती ऐकली गेली कर्ण्यातून.

लग्न, सत्यनारायण, गणपती, गावची जत्रा, शिवजयंती : लाऊडस्पीकरवाला यायचा, आंब्यावर किंवा देवळाच्या खांबावर कर्णा बांधायचा, पेटीतून रेकॉर्डी काढायचा. ज्यांच्या घरचे कोणी मुंबईत गिरणीत होते, त्यांच्याकडे कधी चाकरमान्याने आणलेला बॅटरीवरचा लहान प्लेअर असे. असल्या प्लेअरची सुई चांगलीच जड. आजचे चुंबकीय काट्रिज दीड-दोन ग्रॅम भाराने चालते. ती जुनी स्वस्तातली काट्रिजे त्याच्या कितीतरी पट भार टाकत. प्रत्येक वेळी वाजवणे म्हणजे खाच थोडी किसणे होते.

कर्ण्याचे ध्वनिशास्त्र दिवाणखान्याच्या नेमके उलट. त्यातून साधारण तीनशे-चारशे हर्ट्झखालचे स्वर जवळजवळ येत नाहीत आणि वरचेही पाच-सहा हजारांपुढे झपाट्याने गळतात. दोन वाहिन्या एकच होतात. स्टिरिओवर केलेला सगळा खर्च, नगाऱ्याचा खर्ज, वाद्यवृंदाची रुंदी, हे सारे त्या पत्र्याच्या तोंडात संपते. मग उरते काय? मधली पट्टी उरते. आणि मधल्या पट्टीतच माणसाचा शब्द असतो. टेलिफोन याच पट्टीवर चालतो आणि तरी आपण आईचा आवाज ओळखतो.

लताबाईंचा स्वर या पट्टीत पुरेपूर बसतो. तो कर्ण्यातून दरी ओलांडून पलीकडच्या वाडीवर पोचायचा, तेही शब्द न सांडता. पुरंदऱ्यांच्या आवाजाचा मूळ खर्ज गळून जाई, पण स्पष्ट उच्चार आणि बांधलेली वाक्ये यांमुळे निवेदन समजे. आतल्या वळणांवर फाटणारा ‘श’ मात्र कर्णा स्वतःच कापून टाकी, म्हणजे तबकडीच्या एका दोषावर कर्ण्याचा दुसरा दोष उतारा ठरे. अंगाई बहुधा गर्दीत हरवे. रणगीते जिंकत. त्यामुळे शहरात या अल्बमची जी प्रतिमा झाली ती गावात झाली नाही. शहराने ‘शिवकल्याण राजा’ संपूर्ण रचना म्हणून ऐकली. गावाने तिच्यातली तीन-चार गाणी शिवजयंतीची गाणी म्हणून उचलली.

यातला कोणता आवाज खरा? ध्वनिप्रेमी पहिला म्हणेल. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. उघड्यावर ऐकायचे संगीत उघड्यावरच्या गरजांनी घडलेले असते. शाहिराचा चढा, मोकळ्या गळ्याचा आवाज, तुणतुण्याची उंच तार, डफाची कोरडी थाप, मंजिरीचा किणकिणाट : यांत खर्ज जवळजवळ नाही, सगळे मधल्या-वरच्या पट्टीत. वीज आणि कर्णा यायच्या कितीतरी आधी हे संगीत कर्ण्यासाठी तयार होते. कोकणातला खालुबाजा, जाखडीतली शक्ती-तुऱ्याची सवाल-जवाबाची गाणी यांचेही तेच. दर्जा म्हणजे जास्तीत जास्त तपशील, ही व्याख्या दिवाणखान्याची आहे. शब्द किती लांब पोचला, ही दुसरी व्याख्या आहे, आणि डोंगरी मुलखात तिला पहिल्याइतकाच मान असला पाहिजे.

चवदार तळ्याची गाणी

ही दुसरी व्याख्या मान्य केली की एक मोठी गैरहजेरी डोळ्यांत भरते. महाडच्या इतिहासात दोन तारखा सर्वांत मोठ्या. एक १६७४ची, दुसरी २० मार्च १९२७ची. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंच्या साथीने चवदार तळ्याचे पाणी घेतले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव आधीच केला होता, पण ठराव कागदावर होता. पाणी ओंजळीत आले ते सत्याग्रहाने. त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावात मनुस्मृतीचे दहन झाले.

या घटनेचीही गाणी झाली, पुष्कळ झाली. आंबेडकरी जलशांनी ती गावोगाव नेली. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने आयुष्यभर रचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांच्यासारख्या गायकांच्या गळ्यातून भीमगीते घरोघर गेली. पण त्यांच्या वाट्याला माध्यमे आली ती छोट्या वेळाची, थोड्या खर्चाची. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा या गाण्यांना खरा विस्तार मिळाला. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या पुस्तकाचे सूत्रच असे की कॅसेटने भारतात थोड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, स्थानिक संगीताला दार उघडले. आंबेडकरी संगीत हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

कॅसेटचा आवाज तबकडीपुढे पातळ, मागे फितीची सळसळ, उन्हात ठेवली तर वेग डगमगतो. भीमगीतांच्या कॅसेटा घाईने, थोड्या वाद्यांत, थोड्या पैशांत निघत. पण प्रल्हाद शिंदे यांचा गळा ऐका. कव्वालीच्या मुशीतून आलेला, उंच, बेधडक, पहिल्या शब्दाला गर्दी गप्प करणारा. हा आवाज खराब यंत्रावरही खराब होत नाही. लाऊडस्पीकरच्या कर्ण्यातून तो जयंतीच्या रात्री तळ्याकाठी जसा ऐकू येतो, तसा दोन लाखांच्या ध्वनियंत्रणेवर येणार नाही.

तरीही एवढ्यावर समाधान मानणे सोयीचे होईल. खराब यंत्रावरही टिकतो म्हणून त्याला खराब यंत्रच द्यावे, असा त्याचा अर्थ नाही. मोठा वाद्यवृंद, स्टिरिओ ध्वनिमुद्रण, नामवंत गायिका, सुबक वेष्टण आणि दोन्ही बाजूंची सलग मांडणी हे सारे १९७४च्या रायगडाला मिळाले. योग्यच झाले. पण कोणत्या स्मृतीला किती चांगला आवाज मिळतो, हे सुई आणि विनाइल ठरवत नाहीत. ते भांडवल ठरवते, आणि बाजाराने कोणाला श्रोता मानले, ते ठरवते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना शांता शेळके आणि हृदयनाथ यांच्या कोळीगीतांत निदान जिवंत, कष्ट करणारी माणसे म्हणून तबकडीवर जागा मिळाली. आतल्या रायगडाला ती मिळाली मुख्यतः गड म्हणून, इतिहास म्हणून. भात लावणारी, डोंगर उतरून एस.टी. पकडणारी, तळ्यावर हक्क सांगणारी माणसे त्या चांगल्या आवाजाच्या बाहेर राहिली.

म्हणून तबकडीच्या आवाजावर लिहिताना नुसता ‘उबदार’ हा शब्द मला अपुरा वाटतो. ऊब कोणाच्या घरात होती, हेही विचारले पाहिजे.

पूर, बुरशी आणि जे उरते

महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २००५च्या जुलैत आणि पुन्हा २०२१च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. अशा दुःखापुढे रेकॉर्डी आणि कॅसेटांचा विषय काढणे संकोचाचे वाटते. पण पूर ओसरल्यावर चिखल काढताना घरोघरी जे फेकून दिले गेले, त्यात गावाचा आवाजही होता, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवे.

इथे तबकडीचा खरा मोठेपणा दिसतो, आणि तो गोडव्याचा नाही, चिवटपणाचा आहे. विनाइल पाणी पीत नाही. चिखलात बुडालेली एलपी स्वच्छ पाण्याने, शेवटी शक्यतो डिस्टिल्ड वॉटरने, सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, खाचेच्या दिशेने मऊ कापडाने धुवावी. लेबल भिजू देऊ नये. सावलीत उभी ठेवून वाळवावी, कारण उन्हात विनाइल मऊ पडून वाकते. कव्हर गेले तर जाऊ द्यावे, पण त्यावरचा मजकूर आधी फोटोत घ्यावा. कवी, वादक, तारीख यांचा तोच एक पुरावा असतो. लाखेच्या ७८ला मात्र स्पिरिट कधी लावू नये, लाख त्यात विरघळते. तिला एलपीची सुईही लावू नये. तिची खाच रुंद, सुई वेगळी. कॅसेटची फीत भिजली तर ती वाजवायची घाई करू नये. बुरशी लागलेली फीत यंत्रातून एकदा गेली की तीच तिची शेवटची खेप ठरू शकते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे : प्रत काढून ठेवावी. डिजिटल प्रतीला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तबकडी प्रत्येक वाजवण्यात झिजते, फीत नुसती पडून राहिली तरी झिजते. सावकाश, चांगल्या सुईने, आवाज न खेचता, खरखर न पुसता काढलेली प्रत ही त्या दिवसापर्यंतची खरी नोंद असते. साफसफाई नंतर कोणीही करू शकेल. पुसलेले परत आणता येणार नाही.

राज्याभिषेकाच्या तीनशे वर्षांना एक तबकडी मिळाली आणि ती पन्नास वर्षे पुरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शंभर वर्षे २०२७ साली पूर्ण होतात. त्या वर्षासाठी मोठ्या स्टुडिओतला नवा अल्बम निघाला तर आनंदच आहे. पण त्याआधी महाड, पोलादपूर, दासगाव, बिरवाडी इथल्या माळ्यांवरच्या पेट्या उघडल्या पाहिजेत. ‘शिवकल्याण राजा’ तिथे सापडेल, आणि ती इतरत्रही पुष्कळ घरांत सुरक्षित आहे. तिच्या शेजारी नाव पुसट झालेली एखादी छोटी तबकडी सापडेल, हाताने मजकूर लिहिलेल्या चार कॅसेटा सापडतील, एखाद्या जाखडीच्या बारीचे किंवा जयंतीच्या रात्रीचे गाणे सापडेल. त्यांचा आवाज कदाचित वाईट असेल. पण त्यांची दुसरी प्रत कुठेच नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि म्हणून चांगले यंत्र, चांगली सुई आणि जाणता कान यांची पहिली गरज त्यांना आहे.